तुर्कस्तानात समुद्राकाठी राहायचं, तर आधी खोली

मुंबईतल्या टूर कंपन्या तुर्कस्तान म्हणून जे विकतात त्यात इस्तंबूल, कप्पाडोकियाचे फुगे, पामुक्कालेच्या पांढऱ्या पायऱ्या, मध्येच एखादं गालिच्यांचं दुकान आणि रोज पहाटे बॅगा लॉबीत, एवढं असतं. ज्यांना ते आवडतं त्यांनी खुशाल जावं. मी लिहितेय ते एकाच गावात तळ ठोकणाऱ्यांसाठी. समुद्रापासून पाच मिनिटांवर बागेतली साधी खोली, सकाळी पोटभर नाश्ता, दुपारी झोप, संध्याकाळी पाण्यात पाय. अशा मुक्कामाची आखणी नेहमीच्या उलट करावी लागते. विमानाचं तिकीट शेवटी. आधी खोली, म्हणजे खरं तर खोलीचा मालक. त्याने काय काय उत्तरं दिली यावर बाकीचं सगळं बसतं.

मी निवृत्त बँक कर्मचारी, राहायला पार्ले पूर्वेला. सोबत आमचे हे, ज्यांचा एक गुडघा कुरकुरतो, आणि डोंबिवलीची ताई नि भावोजी. ताई मांस-मच्छी-अंडं काही खात नाही आणि संकष्टी सोडत नाही. आमच्यासारखं नाठाळ गिऱ्हाईक सांभाळणारी जागा कोणालाही चालेल, असं समजून पुढचं वाचा.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते. २०२५ च्या मे महिन्यात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर आपल्याकडे बहिष्काराची लाट आली. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं बंद केली, प्रवासाच्या काही वेबसाइटनी बुकिंग थांबवलं, पुष्कळांनी सहली रद्द केल्या. आम्ही त्याआधीच जाऊन आलो होतो. आमच्या सोसायटीत यावर दोन तट आहेत आणि दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यामुळे मी मत देत नाही. जायचं ठरवलंत तर निघण्याआधी विमानांची आणि व्हिसाची त्या वेळची स्थिती नीट तपासा, इतकंच.

आम्ही निवडलेलं गाव चिराली. अंताल्या शहरापासून साधारण ८० किलोमीटर. भूमध्य समुद्राच्या कडेने जाणारा डी-४०० महामार्ग सोडून वळणावळणाने सात किलोमीटर खाली उतरलं की लागतं. तीन किलोमीटरहून लांब किनारा, मागे संत्र्या-डाळिंबांच्या बागा, त्यामागे पाइनचं जंगल आणि वर २,३६५ मीटरचा ताहताली डोंगर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्यावरून अंदाज घ्या. किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात म्हणून तिथे बांधकामावर बंधनं आहेत, आणि म्हणूनच टोलेजंग हॉटेलं तिथे उभी राहिली नाहीत. राहायला मिळतात ती घरच्यांनीच चालवलेली छोटी लॉजं, ज्यांना तिकडे पान्सियोन म्हणतात, आणि बागेत विखुरलेली लाकडी बंगली. ‘बीच हॉटेल’ लिहिलेलं असलं तरी खोलीच्या दारात लाटा येत नाहीत. मध्ये बाग असते, एक छोटा रस्ता असतो, मग किनारा. कोकणात वेळासला कासव महोत्सवासाठी कोणाच्या घरी राहिला असाल तर या जागेचा स्वभाव लगेच कळेल.

नकाशा बघताना एक भानगड लक्षात ठेवा. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला ओलिम्पोस या प्राचीन शहराचे अवशेष आहेत आणि त्यापलीकडच्या दरीत ओलिम्पोस नावाचीच वस्ती आहे. तिथे झाडांवरची घरं, रात्रीचं संगीत, पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मंडळी. नकाशावर चिराली नि ओलिम्पोस हाताच्या अंतरावर दिसतात, पण गाडीने एकीकडून दुसरीकडे जायचं तर पुन्हा महामार्गापर्यंत चढून दुसऱ्या फाट्याने उतरावं लागतं. वेबसाइटवर दोन्हींची हॉटेलं एकाच यादीत येतात. साठीच्या माणसांनी पत्ता दोनदा वाचावा.

दुसरं, हा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. दादर चौपाटीवर किंवा जुहूला सूर्य समुद्रात बुडताना बघायची आपल्याला सवय. इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगरामागे जातो, तोही जरा लवकरच. म्हणून ‘सनसेट व्ह्यू’च्या नावाने कोणी जास्त पैसे मागत असेल तर त्याला हसून नमस्कार करा.

आता महिने. जुलै-ऑगस्टमध्ये अंताल्याच्या पट्ट्यात कडक ऊन असतं, तुर्की शाळांना सुट्टी असते आणि दर चढलेले असतात. मुंबईच्या पावसाला कंटाळून जूनमध्ये पळायचा मोह होतो आणि तो चुकीचा नाही, कारण तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा जातो. पण मला विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरची सुरुवात. गणपती उरकून निघायचं. हवा सुखाची असते आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो. मे महिन्यात उलट: हवा छान, पाणी गार. मुलांच्या शाळेमुळे मे किंवा दिवाळीची सुट्टीच मिळत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, बकरी ईद कधी आहे. तिकडे ती मोठी सुट्टी, सरकार कधीकधी पुढे-मागे दिवस जोडून ती नऊ दिवसांची करतं, आणि अख्खा देश किनाऱ्यावर येतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. दोन, ऑक्टोबरअखेर जाणार असाल तर पान्सियोन उघडं आहे का. बरीचशी हिवाळ्यात कुलूपबंद असतात, आणि वेबसाइटवर खोली ‘उपलब्ध’ दिसते म्हणजे स्वयंपाकघर चालू असतंच असं नाही.

खोलीकडे वळते, कारण निम्मी मेहनत इथेच आहे. वेबसाइटवरून चार-पाच जागा निवडा आणि प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर निरोप टाका. भाषांतराच्या अॅपमधून तुर्कीत लिहा. वाक्यं छोटी ठेवा, एका वाक्यात एकच प्रश्न. ‘खोली छान आहे का’ असलं विचारू नका, छानच म्हणणार. विचारायचं ते असं: समुद्रापर्यंत चालत किती मिनिटं? तळमजल्याची खोली मिळेल का? एक मोठा पलंग आहे की दोन सुटे? एसी आहे का, आणि त्याचे पैसे वेगळे का? लाकडी बंगलं दिसायला गोड, पण उन्हात तापतं, त्यामुळे उन्हाळ्यात एसीवर तडजोड नको. किनाऱ्यावर तुमच्या छत्र्या नि खाटा आहेत का? आम्ही फाट्यावर उतरलो तर न्यायला याल का, रात्री उशीर झाला तरी?

आणि न्हाणीघराचा फोटो मागा. मागायला लाजू नका. साध्या जागांमध्ये शॉवरला आडपडदा नसतो आणि सगळी फरशी ओली होते. गुडघेदुखीवाल्याला हे आधी कळलेलं बरं. एक आनंदाची बातमी म्हणजे तिकडच्या कमोडला मागे पाण्याची तोटी बसवलेली असते. युरोपात गेल्यावर आपली जी पंचाईत होते ती इथे होत नाही. कागद मात्र बहुतेक ठिकाणी डबीत टाकायचा असतो. गरम पाणी छपरावरच्या सोलरवर असतं, तेव्हा अंघोळी संध्याकाळी उरका.

दराबद्दल चार गोष्टी एकाच निरोपात पक्क्या करा: दर खोलीचा की माणशी, युरोत की लिरात, नाश्ता धरून की जेवणही, आणि कर धरून का. २०२३ पासून तिथे मुक्कामावर दोन टक्के कर आहे, तो कोणी आत धरतो, कोणी वर लावतो. लिराची किंमत गेल्या काही वर्षांत इतकी घसरली आहे की छोटे मालकही दर युरोत सांगतात. एखाद्याचा जुना लेख वाचून लिरातले आकडे मनात धरू नका, ते शिळे झालेले असतात. नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळून जो दर असतो त्याला ‘यारम पान्सियोन’ म्हणतात. चिरालीत मी तोच घ्यायला सांगेन, विशेषतः सोबत शाकाहारी माणूस असेल तर.

उत्तरं आली की वाचून बघा. आमच्या यादीतल्या एकाने दहा प्रश्नांना ‘नो प्रॉब्लेम’ एवढंच उत्तर पाठवलं. दुसऱ्याने बागेच्या फाटकापासून पाण्यापर्यंत मोबाइल हातात धरून चालत व्हिडिओ काढून पाठवला आणि वर लिहिलं की तळमजल्याची खोली स्वयंपाकघराला लागून आहे, सकाळी भांड्यांचा आवाज येईल. बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मी एवढं शिकले होते की स्वतःहून उणं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा. आम्ही दुसरी जागा घेतली. भांड्यांचा आवाज आलाच. पण पार्ल्यात राहून लोकलचे भोंगे ऐकणाऱ्यांना त्याचं काय.

बुकिंग मुंबईतूनच करून टाका आणि रद्द करता येईल असंच करा. २०१७ मध्ये तिथल्या कोर्टाच्या आदेशानंतर बुकिंग डॉट कॉमवरून तुर्कस्तानात बसून तुर्की हॉटेल घेता येईनासं झालं होतं, त्यामुळे ‘तिथे गेल्यावर बघू’ हा हिशेब धरू नका. पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. किमान पाच रात्री घ्या. दोन रात्रींसाठी एवढ्या लांब उतरण्यात अर्थ नाही.

व्हिसाचं थोडक्यात. तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो, एकदाच प्रवेश आणि ३० दिवस. तो फक्त सरकारी साइटवरून काढा. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट दुप्पट पैसे घेतात. असा व्हिसा नसेल तर अर्ज केंद्रात कागद देऊन स्टिकर व्हिसा. त्याला हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून खोली आधी. आणि तो हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारं विमानाचं तिकीट काढायचं नाही.

विमान मुंबई ते इस्तंबूल, साधारण सहा-सात तास, पुढे इस्तंबूल ते अंताल्या सव्वा तास. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला, दुसरा साबिहा गोक्चेन आशियाच्या बाजूला. स्वस्त तिकिटाच्या नादात एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं तिकीट निघालं तर शहर ओलांडण्यात अर्धा दिवस जातो. अंताल्याच्या विमानतळावरून ट्राम थेट शहराच्या मोठ्या बस स्थानकापर्यंत जाते. तिथून कुम्लुजा, फिनिकेकडे जाणाऱ्या मिनीबसमध्ये बसायचं आणि ड्रायव्हरला चिरालीचा फाटा सांगून ठेवायचं. फाट्यावरून खाली दोलमुश जाते. दोलमुश म्हणजे आपली शेअर जीप: भरल्याशिवाय हलत नाही, आणि हंगाम ओसरला की भरायला वेळ लागतो. मालक न्यायला येत असेल तर सरळ हो म्हणा. विमान संध्याकाळी उतरत असेल तर ती रात्र अंताल्याच्या जुन्या भागात, कालेइचीत काढा आणि सकाळी निघा.

पैशाचं: थोडे युरो, एक फॉरेक्स कार्ड, आणि गावात उतरण्याआधी शहरात बदलून घेतलेले लिरा. छोट्या गावात रोख लागते. आपल्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं, शिवाय मशीन ‘रुपयांत भरू का’ विचारतं. नाही म्हणा, लिरातच भरा. रुपयांतला तो दर दुकानदाराच्या बँकेचा असतो आणि तो आपल्या बाजूने नसतो, हे मी काउंटरच्या आतल्या अनुभवावरून सांगते.

आता जेवण, म्हणजे ताईचा विषय. सकाळच्या नाश्त्याला काळजी नाही: टोमॅटो, काकडी, तऱ्हेतऱ्हेचे ऑलिव्ह, पांढरं चीज, मध, घरचे जॅम, पाव, आणि चहा मागाल तितका, बिनदुधाचा, छोट्या काचेच्या ग्लासात. दूध घालून उकळलेला चहा विसरा. आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी शोधलेली युक्ती म्हणजे आल्याची पूड सोबत न्यावी. दुपारी गोझ्लेमे, म्हणजे तव्यावर भाजलेली पातळ पोळी, आत पालक, बटाटा किंवा चीज. रात्रीच्या जेवणात ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या असतात, फरसबी, वांगं, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. त्यांचा स्वतंत्र वर्गच आहे आणि त्यात शक्यतो मांस नसतं. तरी पानातला भात विचारून घ्या, त्याचा खिमा घातलेला प्रकारही असतो. मसूरडाळीचं सूप आपल्या आमटीची भूक भागवतं. ते कधीकधी मांसाच्या पाण्यात करतात, म्हणून तेही विचारायचं. ‘एत येमियोरुम’, मी मांस खात नाही, एवढं पाठ करून ठेवा. पण फक्त तेवढं सांगून थांबलात तर समोर मासा येतो. मासा, कोंबडी, अंडं यांची नावं वेगवेगळी घेऊन नको म्हणावं लागतं. ताईने तुर्कीत यादी लिहून घेतली आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या बाईंच्या हातात ठेवली. नंतर एकदाही विचारावं लागलं नाही. मासे खाणाऱ्यांसाठी महामार्गालगत उलुपिनारला झऱ्याच्या थंड पाण्यातल्या ट्राउटची हॉटेलं आहेत. आम्ही मालवणी माणसं, गोड्या पाण्यातला मासा आम्हाला जरा मिळमिळीतच लागला.

संकष्टीला दही, उकडलेले बटाटे, अक्रोड, सुके अंजीर, केळी, डाळिंब, सगळं मिळालं. सैंधव घरून नेलं होतं. पंचांगातली मुंबईची चंद्रोदयाची वेळ मात्र तिथे उपयोगाची नाही, त्या गावाची वेळ मोबाइलवर काढावी लागते. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, बारा महिने तेवढंच. किनारा पूर्वेचा असल्यामुळे चंद्र थेट पाण्यातून वर येतो, त्यामुळे ताई वेळेच्या आधी जाऊन बसली होती.

पण रात्री किनाऱ्यावर जायचं तर नियम पाळून. इथल्या कासवांची जात कारेट्टा कारेट्टा, आपल्या कोकणातल्या ऑलिव्ह रिडलेची चुलत बहीण. उन्हाळ्याच्या सुरुवातीला माद्या अंडी घालतात आणि पिल्लं साधारण सप्टेंबरपर्यंत निघत राहतात. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. समुद्राऐवजी तुमच्या टॉर्चकडे वळलं तर संपलं. म्हणून अंधार पडल्यावर वाळूवर टॉर्च, फ्लॅश, शेकोटी काही नको, आणि घरट्यांवर ठेवलेल्या जाळ्यांना हात लावायचा नाही. २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पिल्लं निघाली तेव्हा मुंबईला केवढं अप्रूप वाटलं होतं, ते आठवा.

किनाऱ्यावर मऊ वाळू कमी, गोटे जास्त. रबरी बूट न्या, त्यात पाय घालूनच पाण्यात उतरा. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईत समुद्र आत-बाहेर जाताना बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण सामान एकदा ठेवलं की भिजत नाही. पाणी किती खोल आहे याचा अंदाज घेतल्याशिवाय आत जाऊ नका. पोहता न येणाऱ्या भावोजींनी आठवडाभर गुडघ्याइतक्या पाण्यात उभं राहून मजा केली. कपड्यांची चिंता नको, पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरलेल्या ताईकडे कोणी वळून पाहिलं नाही. डासांसाठी घरची वडी किंवा मशीन न्या. आपल्या मोबाइल चार्जरची दोन गोल पिन तिकडच्या सॉकेटमध्ये बहुधा बसते, तीन पिनवाल्याला अडॅप्टर लागतो. नळाचं पाणी प्यायचं नाही.

बघण्यासारखं दोनच जागी जा. एक यानार्ताश: डोंगराच्या उघड्या खडकातून मिथेन वायू झिरपतो आणि हजारो वर्षं ज्योती जळताहेत. कांगड्याच्या ज्वालाजीला गेलेल्यांना फार नवल वाटणार नाही. इथे छप्पर आणि पुजारी नाही, एवढाच फरक. ग्रीकांच्या आगीच्या देवाच्या, हेफेस्टसच्या, मंदिराचे दगड मात्र बाजूला पडलेले आहेत. अंधारात ज्योती जास्त खुलतात, म्हणून लोक संध्याकाळी चढतात. तिकीट घेतल्यावर साधारण किलोमीटरभर ओबडधोबड पायऱ्यांची चढण आहे. टॉर्च इथे न्यायचाच. आमचे हे अर्ध्यातून परतले आणि खाली सरबत पीत बसले, तेही बरंच झालं. दुसरी जागा ओलिम्पोसचे अवशेष, सकाळी लवकर, किनाऱ्याने चालत. तिथेही तिकीट लागतं. ओढ्याच्या काठाने झाडीत बुडालेल्या भिंती, थडगी, कमानी. एके काळी हे समुद्री चाच्यांचं ठाणं होतं, रोमनांनी येऊन ते मोडलं. ज्यांना पाय मोकळे करायचे आहेत त्यांच्यासाठी साधारण ५४० किलोमीटरची लिकियन वाट याच गावातून जाते. तिच्यावरून अर्धा तास चालून परत आलं तरी चालतं, कोणी हजेरी घेत नाही. ताहतालीवर केबलकार आहे. आकाश स्वच्छ असेल त्याच दिवशी जा, नाहीतर पैसे देऊन ढगात उभं राहाल.

निघायच्या आदल्या रात्री बिल चुकतं करा, कारण सकाळी मालक बाजारात गेलेला असू शकतो. दोलमुश किती वाजता निघेल ते त्याच्याकडूनच फोन करून विचारून घ्या. अंताल्याहून इस्तंबूलचं विमान आणि पुढचं मुंबईचं यांत चार तास ठेवा. नाश्त्यातला संत्र्याचा जॅम आवडला म्हणून ताईला त्यांनी दोन बाटल्या बांधून दिल्या होत्या. अशा बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून टाका. हातातल्या पिशवीतून सुरक्षा तपासणीवाले काढून घेतात.